हत्ती ओकलंडचा आहे : बेसबॉलच्या तीस मालकांना खुलं पत्र

प्रति,
मेजर लीग बेसबॉलच्या तीस संघांचे मालक आणि आयुक्त,
न्यूयॉर्क

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे. तुमच्यापैकी कुणालाही ते वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीतून तुम्हाला लिहिणारे हजारोंनी आहेत आणि त्याने तुमचं काही अडलेलं दिसत नाही. आमच्या घरात बेसबॉलवरची भांडणं गेली जवळजवळ चाळीस वर्षं मराठीतच झाली, तेव्हा हेही मराठीतच. फ्रीमॉन्ट, सॅन होजे, सनीव्हेलमधली आपली माणसं वाचतील, पुण्या-मुंबईकडचीही चार वाचतील. राहता राहिलात तुम्ही. तुमच्याकडे वकील भरपूर आहेत, एखाद्याची आजी सांगलीची निघेल.

१६ नोव्हेंबर २०२३ला तुम्ही टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला जमलात आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंड ॲथलेटिक्स या संघाने गाव सोडून लास व्हेगासला जावं की नाही यावर मत दिलंत. तीस विरुद्ध शून्य. दादरला माझ्या आत्याच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला रंग कोणता द्यायचा यावरसुद्धा इतकं एकमत कधी झालं नाही. छप्पन्न हंगाम एका गावात घालवलेला संघ तुम्ही एका सकाळी उचललात, आणि व्हेगासचं मैदान बांधून होईपर्यंत तो वेस्ट सॅक्रमेंटोमध्ये भाड्याने राहतो आहे.

माझा या सगळ्याशी काय संबंध, ते आधी सांगते.

आम्ही १९८६च्या उन्हाळ्यात दादरहून फ्रीमॉन्टला आलो, तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांना चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आईला गाडी चालवता येत नव्हती आणि शेजाऱ्यांचं बोलणं कळत नव्हतं. बाबांचं दुःख वेगळंच होतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून कुणाच्याही मॅचमध्ये 'अरे, डावा पाय पुढे काढ' असं ओरडण्यात ज्या माणसाचे रविवार गेले, त्याला फ्रीमॉन्टच्या रविवारी दुपारी करायला काहीच नव्हतं. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना तिकिटं दिली. बार्ट म्हणजे इथली लोकल. तिचं फ्रीमॉन्ट तेव्हा शेवटचं स्टेशन, म्हणजे आमचं विरारच, बसायला जागा हमखास. युनियन सिटी, साउथ हेवर्ड, हेवर्ड, बे फेअर, सॅन लिअँड्रो आणि मग कॉलिसियम, म्हणजे संघाचं मैदान. उतरलं की लांबलचक पादचारी पूल, त्यावर दोन्ही बाजूंना टोप्या आणि खाणं विकणारे. बाबा म्हणाले, "हे तर दादर स्टेशनच आहे." त्यांचा मूड तिथेच सुधारला.

कॉलिसियममध्ये घरचं खाणं आत नेऊ देत. तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. माझी आई मात्र बाहेरचं काही खात नसे, आणि एका पगारात तिघांनी मैदानात विकत घेऊन खाणं परवडणारंही नव्हतं. पोळी-भाजी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा घेऊन आम्ही तिसऱ्या मजल्यावर, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या स्वस्त बाकांवर बसायचो. समोर आउटफिल्डच्या पलीकडे ओकलंडचे डोंगर दिसायचे, संध्याकाळी ते सोनेरी व्हायचे. आईला खेळ कळायला तीन वर्षं लागली, डोंगर पहिल्या दिवशीच आवडले.

तिला संघ आवडला तो १९८८मध्ये, खेळाडूंच्या बाहीवर हत्ती परत आला तेव्हा. या हत्तीची गोष्ट तुम्हाला माहीत असणार, पण आमच्या वाचकांसाठी सांगते. १९०२ साली, हा संघ फिलाडेल्फियात असताना, न्यूयॉर्कच्या जॉन मॅग्रॉने हिणवलं होतं की या मालकांनी पांढरा हत्ती पोसलाय. तेव्हाचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी तो टोमणा अंगाला लावून घेतला नाही, सरळ हत्तीलाच चिन्ह केलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "गणपती आहे म्हणजे संघ आपलाच." तेव्हापासून संघ हरत असला की ती अथर्वशीर्ष पुटपुटायची. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, पहिल्याच सामन्यात आमच्या एकर्स्लीच्या चेंडूवर समोरच्या संघाच्या कर्क गिब्सनने होमरन मारला, तेव्हा तिचं चौथं आवर्तन चालू होतं. ती अजून म्हणते की मधे फोन वाजला नसता तर तो झेल गेला असता.

आमच्या शेजारच्या बाकावर वेस्ट ओकलंडचे एक गृहस्थ बसायचे. वर्णाने काळे, साठीचे, आयुष्यभर गोदीत काम केलेले. १९६८पासून, म्हणजे संघ कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला त्या वर्षापासून, ते यायचे. कानावर पेन्सिल, मांडीवर स्कोअरकार्ड. आमच्या घरी त्यांचं नाव 'पेन्सिलवाले काका'. त्यांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा : पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर गेला की ६-४-३, दोन गडी बाद. तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी 'के'. पण बॅट न फिरवताच, चेंडू नुसता बघत राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा काढायचा. आमच्या घरात हा शब्दप्रयोगच होऊन बसला. संधी समोरून जात असताना तोंड उघडलं नाही की बाबा म्हणतात, "झाला तुझा उलटा के."

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळचे ५ वाजून ४ मिनिटं. वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना सुरू व्हायचा होता, ओकलंड विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को, खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे. बाबा लवकर घरी आले होते. टीव्हीवरचं चित्र हललं, गेलं, आणि मग आमचं घर हललं. वेस्ट ओकलंडमध्ये सायप्रस नावाचा दुमजली रस्ता कोसळला, तिथे ४२ माणसं गेली. सामन्यासाठी लोक लवकर घरी गेले होते म्हणून त्या वेळी रस्त्यावर गर्दी कमी होती, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. सिरीज दहा दिवसांनी पुन्हा सुरू झाली आणि आम्ही चारही सामने जिंकलो. पण आमच्या घरी प्रश्न दुसराच होता. पेन्सिलवाले काका सायप्रसच्या बाजूला राहायचे. आम्हाला त्यांचं आडनाव ठाऊक नव्हतं, घर ठाऊक नव्हतं, फोन नंबर ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो फक्त बाक. हिवाळाभर आम्ही वाट पाहिली. एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याला तिसऱ्या मजल्यावर चढलो, तर कानावर पेन्सिल आणि मांडीवर कार्ड घेऊन ते बसलेले. आईने त्यांना सबंध डबा दिला. चिवड्यातल्या मिरच्यांसकट त्यांनी खाल्ला आणि दोन इनिंग बोलू शकले नाहीत.

मालकहो, तुम्ही 'मार्केट' म्हणता, ते हे. आमचे एकमेकांचे पत्ते त्या बाकांवर होते.

आणखी एकच दिवस सांगते. रिकी हेंडरसन ओकलंडचाच, ओकलंड टेक शाळेत शिकलेला. १९९१च्या एप्रिलअखेर लू ब्रॉकचा बेस चोरण्याचा, म्हणजे कुणी चेंडू मारलेला नसताना पळत पुढचा बेस गाठण्याचा, विक्रम मोडायला त्याला एकच बेस कमी होता. बुधवारी दुपारी सामना होता, तारीख १ मे. बाबांनी माझ्या शाळेला चिठ्ठी दिली : आज आमच्या राज्याचा स्थापना दिवस असल्याने मुलगी येऊ शकणार नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. रिकीने तिसरा बेस चोरला, कारकिर्दीतला ९३९वा, आणि तो बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला. बाबा उभे राहून ओरडले, "जय महाराष्ट्र!" आजूबाजूच्या लोकांना वाटलं ही बेसबॉलचीच कुठलीतरी घोषणा आहे. पुढच्या इनिंगला आमच्या रांगेतले आठ-दहा जण तसंच ओरडत होते.

पुढची वर्षं भराभर सांगते. १९९६पर्यंत रेडर्स या फुटबॉल संघासाठी आउटफिल्डमागे काँक्रीटचा डोंगर उभा राहिला आणि आईचे खरे डोंगर गेले. २००२मध्ये सलग वीस सामने जिंकले. विसाव्यात ११-०ची आघाडी घालवून ११-११ झाले आणि हॅटबर्गने होमरन मारून सोडवलं. त्या रात्री मी कॉलेजच्या वसतिगृहात रेडिओ उशीखाली घेऊन रडले. रेडिओवर सामन्याचं वर्णन करणाऱ्या बिल किंगचं 'होली टोलेडो!' आमच्याकडे कुकरची शिटी उडाली तरी म्हटलं जायचं. २०१०च्या मातृदिनी आमचा पिचर डॅलस ब्रेडन याने एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही. त्याला वाढवणारी आजी स्टँडमध्ये होती. या दरम्यान कधीतरी एका एप्रिलला पेन्सिलवाले काका आले नाहीत. पुढच्या एप्रिललाही नाही.

आता तक्रारी. शिवीगाळ करणार नाही, आईला वाचून दाखवायचंय.

तुमचं म्हणणं, ओकलंडमध्ये लोक येत नव्हते. १९९०मध्ये २९ लाख लोक आले होते. २०२२मध्ये ७ लाख ८७ हजार. मधे काय झालं? २०२२चा हंगाम सुरू होण्याआधीच्या महिन्याभरात बॅसिट, ऑलसन, चॅपमन आणि मनाया या चारही चांगल्या खेळाडूंना दुसऱ्या संघांना देऊन टाकलं गेलं, आणि त्याच वर्षी हंगामी तिकिटांचे दर वाढवले. दुकानातला चांगला माल काढून घ्यायचा, उरलेल्याचा भाव वाढवायचा आणि मग गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून गाव बदलायचं, हा धंदा दादरच्या बाजारात एक दिवाळीही चालला नसता. लोक येतात की नाही ते १३ जून २०२३ला दिसलं. प्रेक्षकांनी स्वतः ठरवून, मालकाने संघ विकावा म्हणून, मैदान भरवलं. मंगळवारच्या रात्री २७,७५९ माणसं, हिरव्या शर्टांवर 'SELL' (विका) ही चार अक्षरं. पाचव्या इनिंगला आधी सगळं मैदान गप्प बसलं आणि मग एकदम ओरडलं. मी इतकी शांतता तिथे कधी ऐकली नव्हती. आम्ही २-१ जिंकलो. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने व्हेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला.

दुसरं, जागेचं. २००६च्या नोव्हेंबरात संघ फ्रीमॉन्टला येणार असं जाहीर झालं. आमच्या घरी पेढे वाटले गेले. २००९च्या फेब्रुवारीत ते बारगळलं (आमच्या गावातल्या पुष्कळांना रहदारीची भीती वाटत होती, हेही खरं, सगळा दोष तुमच्यावर ढकलत नाही). मग सॅन होजे. तिथे शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाचा त्या भागावरचा हक्क आड आला. हा हक्क त्यांना मिळाला कसा? १९९०च्या सुमाराला त्यांना स्वतःला तिकडे जायचं होतं, तेव्हा ॲथलेटिक्सचे त्या वेळचे मालक वॉल्टर हास यांनी तो त्यांना देऊ केला, एक पैसा न घेता. जायंट्स काही गेले नाहीत, पण हक्क परतही दिला नाही. शेजाऱ्याने नेलेली शिडी परत मागितली तर तो म्हणतो घर माझं, आणि तुम्ही पंच म्हणून गप्प. सॅन होजे शहर कोर्टात गेलं. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायचंच नाकारलं, कारण १९२२च्या एका निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. शंभर वर्षांपूर्वी न्यायमूर्तींना हा राज्याराज्यांतला व्यापार वाटला नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संघ नेताना तुम्हाला तरी काय वाटलं?

तिसरं : नव्या मैदानासाठी ठरवलेल्या, ओकलंडच्या बंदराजवळच्या हॉवर्ड टर्मिनलच्या जागेचा पर्यावरण अहवाल शहराच्या परिषदेने फेब्रुवारी २०२२मध्ये मंजूर केला होता. शहर संथ होतं, भांडखोरही होतं. पण बोलणी चालू होती. ती चालू असतानाच एप्रिल २०२३मध्ये व्हेगासच्या जमिनीची बातमी आली. तुम्ही तर स्थलांतराचं शुल्कही माफ केलंत. आणि या सगळ्या वर्षांत संघाची जाहिरात काय होती? 'रूटेड इन ओकलंड', ओकलंडमध्ये रुजलेले.

चौथं छोटं आहे, पण मला तेच सगळ्यात लागतं. संघाच्या नावापुढे आता गावच नाही, नुसतं 'ॲथलेटिक्स'. एका बाहीवर व्हेगासचा बिल्ला, दुसऱ्या बाहीवर सॅक्रमेंटोचा पूल. सुमारे १४,००० माणसांचं ते मैदान ज्या दुय्यम संघाचं, तो जायंट्सच्या पंखाखालचा. म्हणजे शिडी नेणाऱ्याच्या पोराच्या खोलीत आमचे लोक भाड्याने.

इथे पुण्याचे वाचक हसत असतील. त्यांना अनुभव आहे. वॉरियर्स आले आणि गेले, सुपरजायंट आले, २०१७ची फायनल मुंबईकडून एका धावेने हरले आणि पुढच्या वर्षी होतेच कुठे? पण पुणेकरांना निदान आठवणी साठवायला वेळ मिळाला नव्हता. बाबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, मुंबईचा रणजी संघ कुणी विकत घेऊन इंदूरला नेऊ शकतो का? मग हाच कसा नेता येतो? त्यांना मी अमेरिकेतली मालकीहक्काची पद्धत समजावली. ते म्हणाले, "कळलं. म्हणजे नेता येतो. पण न्यावा का?"

एक गोष्ट मान्य करते. १९६८मध्ये ओकलंडला संघ मिळाला तो कॅन्सस सिटीचा उचलूनच. आम्हीही दुसऱ्याच्या ताटातलंच जेवलो. पण तिथल्या सिनेटरने तुमच्या त्या १९२२च्या सवलतीलाच हात घालायची धमकी दिली आणि १९६९मध्ये कॅन्सस सिटीला नवा संघ मिळाला. एका वर्षात.

२६ सप्टेंबर २०२४ला आम्ही चौघं शेवटच्या सामन्याला गेलो, आई-बाबा, मी आणि माझी मुलगी. ४६,८८९ माणसं. टेक्ससला ३-२ हरवलं. तिसऱ्या मजल्यावर चढायला बाबांना पंचवीस मिनिटं लागली, प्रत्येक वळणावर थांबून ते 'इथे तू पडली होतीस' असं काहीतरी सांगत होते. स्कोअर मुलीने लिहिला. सामना संपल्यावर कुणी हललं नाही. खाली मैदानाची निगा राखणाऱ्या एकाने आईला मूठभर लाल माती दिली. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत तिने ती घेतली, सोमवार ते शनिवार माती आणि रविवारच्या कप्प्यात उरलेल्या गोळ्या. त्यानंतर तीन महिन्यांनी, २० डिसेंबरला, रिकी हेंडरसन गेला. बाबा संध्याकाळी अजून रेडिओ लावतात, आणि मॅच सुरू झाली की बंद करतात.

तेव्हा मीही बॅट खांद्यावर ठेवून उभी राहिले तर घरातलेच माझ्यापुढे उलटा के काढतील. मागण्या अशा :

१. नाव, हिरवा-सोनेरी रंग, हत्ती आणि १९६८ ते २०२४चे सगळे विक्रम ओकलंडच्या नावावर ठेवा. हे जमतं. १९९६मध्ये क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेला तेव्हा ब्राउन्स हे नाव, रंग आणि इतिहास गावातच राहिला आणि १९९९मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. व्हेगासने स्वतःचं नाव शोधावं, तिथल्या लोकांचाही तो हक्क आहे.

२. संघांची संख्या बत्तीस करण्याच्या गोष्टी तुम्ही करता. त्यात ओकलंडचा अर्ज पहिल्या यादीत घ्या, आणि सॅन होजे ज्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीवरचा जायंट्सचा हक्क रद्द करा. शिडी परत द्या.

३. यापुढे कुठलाही संघ हलवण्याआधी त्या गावात जाहीर सुनावणी घ्या. मालकांनी तिथे हजर राहावं, माणसांसमोर बसावं. कोणत्या मालकाने काय मत दिलं आणि का, ते लेखी प्रसिद्ध करा.

४. रिकीचा २४, कॅटफिश हंटरचा २७, स्ट्युअर्ट आणि फिंगर्सचा ३४, एकर्स्लीचा ४३, रेजी जॅक्सनचा ९ हे निवृत्त केलेले आकडे ओकलंडमध्ये कायम दिसतील अशी व्यवस्था संघाच्या खर्चाने करा.

५. ओकलंडमधल्या पोरांच्या बेसबॉलसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम द्या. माफ केलेल्या शुल्काचा छोटासा भागही पुरेल.

तोवर आम्ही वेस्ट ओकलंडला रायमोंडी पार्कवर जातो. संघ जाणार हे ठरल्यावर गावातल्याच लोकांनी बॉलर्स नावाचा छोटा संघ काढला, २०२५मध्ये तो त्यांच्या लीगचा विजेताही झाला. बाक लाकडी आहेत आणि तिसरा मजला नाही, त्यामुळे बाबा खूश आहेत. गेल्या खेपेला मुलीच्या शेजारी एक पाच-सहा वर्षांचा मुलगा बसला होता. तिने त्याला पेन्सिल दिली आणि शॉर्टस्टॉपचा आकडा विचारला. तो म्हणाला सात. तिने खोडून सहा लिहायला लावलं.

कळावे,
तिसऱ्या मजल्यावरची एक प्रेक्षक
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

ता. क. : हत्ती परत पाठवाल तेव्हा पेटीवर पत्ता ओकलंडचाच घाला. फ्रीमॉन्टला नको. इथे एकदा पेढे वाटून झाले आहेत.